दुसरा गिअर

गाडी विकताना एनॉक मॅकगिल म्हणाला होता,
"गिअर कधी सुटला नाही. चाळीस वर्षांत एकदाही."

आणि फॉकलंडच्या पहिल्याच उतारावर
दुसरा सुटला. खट्ट.
दांडा लुळा पडला,
लँड रोव्हर आपल्या मनाने मेंढ्यांकडे निघाली.

म्हाताऱ्याला शिव्या घातल्या.
क्लच सोडतोय. तेल आहे, काळं, पण आहे.
मग शेडमध्ये, वारा पत्रे उचकटत असताना,
बाजूचा बोल्ट काढला.
त्याच्याआड एक स्प्रिंग असते, करंगळीच्या पेराएवढी,
आणि एक गोळी.
दोघींचं काम एवढंच:
बसलेल्याला बसू देणं.

स्प्रिंग दोन तुकड्यांत निघाली.
मोड ताजा नव्हता,
कडा घासून गुळगुळीत झालेल्या.

तेव्हा आठवलं,
चालवताना तो पाइप दुसऱ्याकडून पेटवून घ्यायचा.
कुणाला हात करायचा तो उजवा, खिडकीतून.
डावा कायम दांड्यावर.

म्हणजे खोटं नव्हता बोलला.

नवी स्प्रिंग बोटीने येईल, महिनाअखेरीस,
समुद्र बरा असला तर.
सीटखाली त्याचा हातमोजा सापडला. एकच.
तळव्याला भोक.
घालून पाहिला.
थोडा मोठा होतो.