न टाकवलेलं जातं

गंगाखेड रोडला माझी लॅब आहे.
पाटीवर : खिल्लारे डेंटल लॅब, कवळी दोन दिवसांत.
आत, प्लास्टरच्या जबड्यांच्या फळीखाली, चपलांच्या खोक्यात
एक विमान आहे, अठ्ठेचाळिसात एक या मापाचं,
पहिल्या महायुद्धातलं, दुमजली पंखांचं. बी. ई. टू सी.
किंमत ऐकून लोक म्हणतात,
एवढुशापायी अठराशे?

दिवाळीपासून लागलोय.
खालचा पंख बसला तर वरचा बसेना.
आठही दांड्या एका वेळी ताठ उभ्या करील
असा माणूस परभणीत जन्मायचाय अजून.
शेवटी कवळीचा चावा तपासायचा सांगाडा घेतला,
वरच्या जबड्याच्या जागी वरचा पंख, खालच्याच्या जागी खालचा,
आणि रात्रभर तोंड मिटून ठेवलं.
सकाळी उघडलं. सरळ.
बनी तो बनी, नहीं तो परभणी.

तारांसाठी प्लास्टिकची काडी स्पिरिटच्या दिव्यावर धरायची,
मऊ झाली की ओढायची, श्वास न सोडता.
केसाहून बारीक निघते.
दहातली एक कामाची.

अडलो ते रंगाला.
कागदावर लिहिलंय : जवसाच्या कोऱ्या कापडाचा.
जवस आम्ही चटणीला घालतो,
त्याचं कापड कुणी पाहिलंय?
पांढऱ्यात पिवळा, तपकिरीचं नुसतं बोट.
पहिल्यांदा हळद झाली.
दुसऱ्यांदा दाताचाच रंग आला, ए-थ्री,
विडी ओढणाऱ्यांना देतो तो.
मग डब्यातली भाकरी समोर ठेवली, मालदांडीची, गार झालेली.
कडेचा रंग नाही, मधला.
जुळला.
वाळायला ठेवला तर समोरच्या जिनिंगचा रुवा येऊन बसला त्यावर,
चिमट्यानं वेचत बसलो, तर रात्रीचे दोन.

पोटाखाली दोरीनं एक जातं बांधलंय.
ते खोक्यात नव्हतं, मी केलं, प्लास्टरचं,
आठ मिलिमीटर. दाढेएवढं.

यल्लुबाई धोत्रे तुटकी कवळी घेऊन आल्या,
वाकून बघत राहिल्या.
‘ह्ये काय लटकलंय?’
जातं, म्हटलं. शंभर वर्षांमागं
इराकात नदीच्या वाकणावर पलटणी अडकल्या वेढ्यात,
आपल्या बोलीचेही शिपाई होते त्यात.
दाणे होते, दळायला काही नव्हतं.
मग विमानातून जातं टाकलं.

बाई हसल्या नाहीत.
चाळीस वर्षं त्यांनी गल्लोगल्ली हाळी दिलेली,
टाकी-हातोडा पोत्यात, पोतं डोक्यावर.
‘टाकलं ते कळलं. टाकवलेलं व्हतं का?’
मी गप्प.
‘गुळगुळीत दगडावर दाणा नुस्ता पळतो, बाबा.
वरून टाकणाऱ्याला काय म्हाईत
खाली कुणाकडं टाकी हाय का न्हाई?’
मग बोट लावून :
‘आन तळी एकच. एका तळीचं जातं नसतं.
त्याला धोंडा म्हणतात.’

माझ्याकडच्या पुस्तकात त्यावर एकच ओळ आहे.
मी ती रात्री पुन्हा वाचली.
टाकीबद्दल काही नाही.

वीस वर्षं मी दाढांना खाचा पाडतोय.
सपाट दाढ शेंगदाणासुद्धा फोडत नाही, हे मी
डॉक्टरांच्या पोरांना शिकवतो.
आणि दगडाला मात्र पांढरा गोल कापून
वर राखाडी रंग फासला होता.

दुसरी तळी कापली.
सगळ्यात बारीक सुई घेऊन
मधून कडेकडे रेघा ओढल्या, सोळा.
भिंगाशिवाय दिसत नाहीत.
एक तळी फुटली, पुन्हा केली.

शुक्रवारी यल्लुबाई कवळी न्यायला आल्या.
घातली, दोनदा हवा चावली, मान हलवली.
मग भिंग मागितलं
आणि बराच वेळ विमानाच्या पोटाखाली बघत राहिल्या.

खुंटा करायचा राहिलाय, मीच म्हटलं.

‘राहू दे,’ नव्या दातांनी त्या म्हणाल्या,
शब्द जरा घसरले,
‘खुंट्याला कुठलंबी लाकूड चालतं.
त्ये त्येंनी खाली बघितलं आसंल.’