साबणाचा कंद

व्हाये नासिओनालच्या दवाखान्यात मंगळवार बायकांचा.
टेबलावर मेणकापड, मेणकापडावर ट्रे,
ट्रेमध्ये एवढ्या एवढ्या वस्तू:
दाराला आतून लावायच्या कड्या म्हणा.

मारीक्रूस विचारते, यातलं चांगलं कुठलं?
वय एकोणीस. एक कडेवर, एक झगा ओढणारं.
चांगलं कुणासाठी, मी म्हणते, ते आधी ठरू दे.

ही गोळी. रोज एक, ठरल्या वेळी.
बीजकोशाची ती समजूत घालते
की या महिन्याचं काम उरकलेलं आहे,
आणि तो भाबडा बीज सोडतच नाही.
विसरलीस, की त्याला खरं कळतं.
ती हसते. मी तर डाळीत मीठ घालायला विसरते.

हा तांब्याचा टी. आत बसून राहतो, दहा वर्षंसुद्धा.
तांबं कणाकणाने झिजतं
आणि शेपट्या हलवत आलेली ती गर्दी
पोहणं विसरते, वाटेतच.
पाळी जास्त जाते. सुरुवातीला कळाही येतात.
ते मी झाकून ठेवत नाही.

ही काडी, दंडात, कातडीखाली, तीन वर्षं.
बोटाने चाचपली तर लागते.

कुणाच्याही बोटाला?

इथे मी ट्रे बाजूला सारते.
आता प्रश्न औषधाचा राहिलेला नाही.

सासू पिशवी उपसते. उशी उसवते.
आन्सेल्मो उत्तरेला टोमॅटोच्या मळ्यांवर, डिसेंबरात येतो,
आणि आल्या रात्री हिशेब घेतल्यासारखा
अंगावरून हात फिरवतो.
निरोध? ती माझ्याकडे नुसती बघते.
रोगापासूनही राखणारा तो एकटाच,
मी सांगायचं म्हणून सांगते.

मग सुई. तीन महिन्यांतून एकदा.
सुई मागे काही ठेवत नाही,
ना पाकीट, ना काडी, ना दोरा.
पाळी वेडीवाकडी होईल, कदाचित थांबेलही.
सोडल्यावर दिवस राहायला वर्ष लागलं, तरी घाबरायचं नाही.
लागू दे, ती म्हणते, आणि बाही वर करते.

कार्ड नको. तारीख ती पाठ करते:
सांता क्रूसच्या सणाचा दुसरा दिवस.

ती गेल्यावर आजोबा आत येतात. फिदेन्सियो, ब्याऐंशी.
रक्तदाबाचा पट्टा बांधेपर्यंत
त्यांच्या हातात गोळ्यांचं पाकीट.
हीच का ती?

वीस वर्षं त्यांनी चिनांतलाच्या रानात बार्बास्को खणला.
बदामी पानांचा वेल, खाली करांद्यासारखा कंद,
चेचून नदीत टाकला की मासे भोवळून वर यायचे.
किलोला काही सेंटाव्हो. नदीपर्यंत पाठीवर.
शहरातले लोक म्हणायचे, याचा साबण होतो.
साबण! आजोबा अजून थुंकतात त्या शब्दावर.
कंदातून काढलेला अर्क
कुठल्या कुठल्या देशांतल्या बायकांच्या
उशाशी जाऊन पोचला,
आणि इकडे एर्लिंदा, माझी आजी,
अकरा वेळा अडली, सातजण जगले.
पोर दोन दोन वर्षं अंगावर पाजायची,
तेवढाच तिचा आडोसा.
तोही दर वेळी पुरला नाही.

आता तो कंद कुणी विकत घेत नाही.
वेल माजलेत, आजोबा म्हणतात,
दवाखान्यामागच्या कुंपणावरसुद्धा आहे एक.

एका गोळीला किती किलो लागायचा?
मला माहीत नाही.
ते बोटांवर काही मोजू लागतात,
किलो असतील, की नावं,
सातव्या की आठव्या बोटाशी थांबतात.
पाकीट नाकाशी नेतात. मातीचा वासच नाही याला.

एकशे साठ, मी म्हणते.
मीठ कमी करा.