पाचशे कमी

वडगावात खोली दाखवताना
तुंगव्वा म्हणाली, भिंतीपलीकडं माग हाय,
अकरापर्यंत खडखडतोय,
म्हणून पाचशे कमी.

मी पाचशेच ऐकले.

उद्यमबागेतल्या फाउंड्रीत
दुसऱ्यांचे जादा तास लिहितो मी.
येताना खडेबाजार चुकवतो,
शनिवार खुटावर बाजार उठताना
मेथीची शेवटची जुडी, मान टाकलेली,
निम्म्यात.

गेल्या महिन्यात निंगाप्पानं माग विकला.
भंगारवाल्यानं वजनावर नेला.
त्या रात्री डोळ्याला डोळा नाही.
नळ ठिबकतो, हे तेव्हा कळलं.

सकाळी तुंगव्वा दारात,
पदराला हात पुसत:
आता निवांत झालंय की हो,
एक तारखेपासून पाचशे…

म्हटलं, अक्का, मला अजून
ऐकू येतोय तो.

भिंतीकडं बघत राहिली जरा.
मग म्हणाली, बरं,
तीनशे द्या.