तीन सेलची बॅटरी

शहात्तरच्या जानेवारीत कराडला, मोहिनी टॉकीजला
भूकंपाचा इंग्रजी पिक्चर लागला.
मालकांनी कोल्हापुरातून भाड्यानं आणल्या
कपाटाएवढ्या दोन पेट्या.
टेम्पोतून उतरवताना ऑपरेटर इलाही तांबोळी म्हणाला,
"ह्यातनं आवाज येत नाही, धक्का येतो."
बोर्डावर रंगाऱ्यानं कोसळत्या इमारतीखाली लिहिलं :
खुर्चीला घट्ट धरून बसा.
आमच्या निम्म्या खुर्च्यांना हातच नव्हते.

मी डोअरकीपर. खाकी शर्ट, तीन सेलची बॅटरी.
पिक्चर मी कधी सरळ पाहिला नाही.
पडद्याकडं पाठ करून पाहिला,
लोकांच्या तोंडांवर.
जहाज उलटलं की जबडे कसे सुटतात,
वैमानिक मेला की तंबाखू मळणारा अंगठा कुठं थांबतो,
चाळिसाव्या मजल्याला आग लागली की
बाकड्यावरच्या पोरांचे गाल कसे केशरी होतात.
त्या वर्षांतला सगळा हाहाकार
मी असा उलट्या अंगानं बघितला.
मरणारे गोरे, उंच, परके.
दर मरणाला शिट्टी पडायची.

भूकंपाला हाउसफुल्ल.
उसाचे गाडीवान बैल बाहेर बांधून यायचे,
अंगाला मळीचा वास.
पेट्या घुमल्या की वरचे पत्रे थरथरत,
कबुतरांची पिसं, सात वर्षांची धूळ डोक्यावर,
आणि पोरं ओरडत, "वन्समोर!"

तिसऱ्या बाकड्यावर एक माणूस. सोमवारपासून रोज, सहाचा शो.
बाबू झोरे. मूळचा हेळवाकच्या वरच्या अंगाचा,
आता इथं गुळाच्या अडतीवर हमाल.
त्याच्या तोंडावर काही हलत नव्हतं.
बॅटरी मारली तर पापणीसुद्धा नाही.

बुधवारी इंटरव्हलला मुतारीपाशी विचारलं,
"रोज काय बघतोस रं तेच ते?"
तो विडी पेटवत होता. दोन काड्या वाया गेल्या.
"आमचं पहाटं झालं. सदुसष्टला.
अंधार हुता. काय बी दिसलं न्हाई.
भित पडताना दिसती कशी, त्ये बघाया येतो."

मग मी न विचारता सांगत राहिला,
अडतीवर पोती मोजतात तशा आवाजात :
"ह्येच्यात कुत्री आधी भुकत न्हाईत.
गुरं दावं तोडत न्हाईत.
धुरळा लई कमी. तोंडात माती भरती,
हाक माराया येत न्हाई मान्साला,
ह्ये आपलं नाव घिऊन वरडत्यात.
आन समदे उजेडात मरत्यात."
घंटा झाली. तो आत गेला.
कुणाला हाक मारायची होती, ते मी विचारलं नाही.

गुरुवारी, पडद्यावरचा पूल नेमका दुभंगत असताना
वीज गेली.
आमची वीज कोयनेहून यायची.
पेट्या गप्प. प्रोजेक्टर दोन फेऱ्या घरघरला आणि थांबला.
काळोख असा की स्वतःचा शर्ट दिसेना.
मग शिट्ट्या, शिव्या, पडद्यावर फेकलेली चप्पल,
"ए लाईट! लाईट!"
कुठंतरी एक लहान पोर रडायला लागलं, आईला शोधत.
अशा वेळी दारापर्यंत उजेड धरायचा, ही माझी नोकरी.
अंगठा बटणावर होता.

तिसऱ्या बाकड्यावरून, हळू,
कुणाला ऐकवायला नव्हे,
"आता बरुबर."

मी अंगठा काढून घेतला.
किती वेळ, ते सांगता येणार नाही.
इलाही मेणबत्ती घेऊन जिना उतरेपर्यंत.

मालकांनी खिडकीवर सगळ्यांचे पैसे परत केले.
रांगेत धक्काबुक्की, दोघांनी दोनदा घेतले.
बाबू रांगेत नव्हता.
शुक्रवारी पेट्या कोल्हापूरला गेल्या,
पाठलागाचा पिक्चर लागला, गाड्यांवर गाड्या.
तो आला नाही. अडतीवर विचारलं,
म्हणाले, हिशेब करून गेला.

त्याचे ऐंशी पैसे मी कागदात गुंडाळून
गल्ल्याच्या फळीवर ठेवले होते, उन्हाळाभर.
मग त्यात आपले घालून
बॅटरीला सेल घेतले.