बाफले, एकशे ऐंशीवर

लोकमान्यनगरात, दुसऱ्या मजल्यावर
कंडे पेटवता येत नाहीत.
लिफ्टजवळ तशी पाटीच आहे.
म्हणून हे यंत्र.
पुस्तिकेत केक, पिझ्झा, अख्खी कोंबडी;
बाफल्याचं नाव नाही.

गेल्या रविवारी चुकीचं बटण दाबलं,
चार मिनिटांत गोळ्यांचे दगड.
रेवतीनं त्यातला एक
दाराला अडसर म्हणून ठेवून घेतला.

आज कन्व्हेक्शन.
आधी रिकामीच भट्टी तापवली,
उकळून निथळलेले सात बाफले जाळीवर मांडले
आणि स्टूल ओढून काचेसमोर बसलो.
आत पिवळा दिवा. ताटली फिरतेय.
एकेक बाफला समोर येतो,
आपली भेग दाखवतो, पुढे सरकतो,
दवाखान्यात नंबर लागल्यासारखा.

भाऊंनी एक मुठीनं फोडला,
तूप ओतलं, वास घेतला,
पुन्हा घेतला.
"भाजलाय रे नीट," म्हणाले,
"पण धूर कुठे ठेवलास?"

मी काय सांगणार.
त्यांनी तिसरा घेतला,
डाळ संपेपर्यंत बोलले नाहीत.
ओट्यावर, बंद केल्यावरही,
आतला पंखा घरघरत होता,
आम्ही दोघं ऐकत होतो.