हँडल

अक्कलकोट रोडला, एमआयडीसीच्या मागच्या अंगाला आमचं यार्ड.
तीन बाजूंनी पत्रा,
चौथ्या बाजूला वेडी बाभूळ, तीच काय ती खात्रीची.
तीन मिक्सर, दोन व्हायब्रेटर, एक लिफ्ट,
सेंट्रिंगच्या प्लेटा मोजून चारशे बारा.
सगळं उघड्यावर.
भाड्याच्या लोखंडाला छप्पर कोण घालतं?

नायना रोज अंधार पडायच्या आत
इंजिनांची हँडलं काढून घरी आणायचे.
बिनहँडलचं इंजिन म्हणजे मुकं जनावर, म्हणायचे,
नेलं तरी चोराशी बोलणार नाही.
दाराआड पाच खिळे, पाच हँडलं,
सहाव्या खिळ्याला माझं दप्तर, त्यालाही ऑइलचा वास.
जनरेटरची बॅटरी खाटेखाली.
आई म्हणायची, सोनं पत्र्याच्या डब्यात
आणि ॲसिड माझ्या उशाशी!

दिवा घालवताना एकच प्रश्न, घरच्या तेलुगूत:
"ताळम वेसिनावा?"
शाळेत टाळं, घरात ताळम.
मला वाटायचं, दोन भाषांना मिळून
कुणीतरी एकच कुलूप घातलंय
आणि किल्ली नायनांच्या करगोट्याला.

कुलपावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा, पाणी जाऊ नये म्हणून.
साखळी लिंबाच्या बुंध्याला, इतकी वर्षं
की सालीनं तिला अर्धी गिळलेली.
फाटकाच्या आत रात्री चाळलेली वाळू पसरायची
आणि सकाळी वाचायची, पेपरच्या आधी:
ही आमची कुत्री डिझेल,
हा मुंगूस,
हा वॉचमन मौलालीचा डावा बूट, अंगठ्याशी फाटलेला.

आणि प्रत्येक इंजिनाच्या बुडाशी छिन्नीनं माझं नाव.
श्रीलता.
रंगानं लिहिलेलं शेंबडं पोर पण खरवडतं, म्हणायचे,
घाव आत बसतो.
वेलांटी काढताना जीभ दातांत धरायचे.

गेलं ते गड्ड्याच्या जत्रेत.
होम मैदानावर शोभेचं दारूकाम, सगळं शहर मान वर करून,
मौलालीही.
सकाळी वाळूवर चार माणसांचे पाय
आणि एका छोट्या टेम्पोची चाकं.
हँडलशिवाय नेलं होतं. उचलून.
डिझेल गप्प होती, तोंडाशी मटणाचं हाडूक.
मौलाली फाटकाला धरून रडत होता.
नायनांनी बराच वेळ ठसे बघितले,
मग विचारलं, "कसं होतं रे दारूकाम?"
आणि त्याच्यासाठी चहा सांगितला.

चौकीत तक्रार. भंगारबाजारात तीन फेऱ्या.
त्या इंजिनाचं हँडल मात्र खिळ्यावरून काढलं नाही.
नायना गेले तेव्हाही ते तिथंच होतं.
आता यार्ड मी बघते. कॅमेरा बसवलाय,
त्याच्यावर सुतारपक्षी बसतो.

परवा मोहोळच्या साइटवरून येताना
हायवेला एका रसवंतीपाशी थांबले. ऊन चव्वेचाळीस.
घुंगरांच्या मागं इंजिन ठोके देत होतं.
ठोका ओळखीचा वाटला.
ओळखीचा ठोका म्हणजे काय, सगळी इंजिनं तशीच वाजतात,
असं म्हणत मी खाली वाकले.
बुडाशी हातभर लांबूनही चकाकणारा एक चट्टा,
ग्राइंडर फिरवलेला.
उतरतं ऊन आडवं आलं त्याच्यावर,
आणि चकाकीच्या तळाशी, केसाएवढी,
वेलांटी.

पोरगा असेल विशीचा. खिशात पेन, कानाला बिडी.
म्हणाला, बार्शीच्या एकाकडून घेतलंय, पावती आहे,
दोन वर्षं झाली, एकदा पण धोका नाही.
आईला शुगर आहे, तरी ती रोज पहिला ग्लास घेते, ऐकत नाही.
मी न विचारताच बोलत होता.

रस प्यायले. आलं जास्त होतं.
वीस रुपये दिले.
मोबाइल काढला, चौकीचा नंबर शोधला,
परत ठेवला.
निघताना एवढंच म्हणाले,
रात्री हँडल काढून घरी नेत जा.

तो ग्लास विसळत हसला.
"ताई, असलं धूड
कोण चोरतंय?"