दुसरी किल्ली

शुक्रवारी पावणेचारला बर्नलीत कुणाचीच सोय लागत नाही.
तरी मी फोन लावत राहते,
सांगत राहते : मुलगा, सोळा वर्षं अकरा महिने,
सिगारेट ओढतो, स्वयंपाकात टोस्ट येतो.
कौन्सिलनं मला ठेवलंय ते याचसाठी.
सोय लावणं.
आमच्याकडे हा शब्द पाहुण्यांसाठी, गादी-उशीपुरता,
नाहीतर गुरांसाठी, वैरणपाण्याचा.
पोटच्या पोरांची कुणी सोय लावत नाही.
ती असतातच.

सहाव्या फोनवरच्या बाई हो म्हणाल्या.
टॅनरी स्ट्रीट, दुसरा मजला, मागची खोली,
आठवड्याला पाच तास आधार.
"पाच तास म्हणजे?" ब्रॉडीनं गाडीत विचारलं.
दिवसाला साधारण त्रेचाळीस मिनिटं, मी म्हटलं.
"रविवारी पण?"
रविवारी नाही.
मग तो पुलापर्यंत बोटांवर काहीतरी मोजत बसला.

पलंग एक, खुर्ची एक, ताटल्या दोन,
काटे दोन, चमचे तीन
(तिसऱ्याचा हिशेब कुणालाच लागत नव्हता),
पैसे भरले की जागं होणारं विजेचं मीटर,
आणि छतावर धुराचा अलार्म,
बॅटरी संपत आलेला,
दर चाळीस सेकंदांनी चिवचिवणारा.
तिथं राहणाऱ्या कुणालाच तो आता ऐकू येत नव्हता.

मी सोळाव्या वर्षी सांगलीच्या वसतिगृहात गेले
तेव्हा दादांनी पत्र्याच्या ट्रंकेवर
पांढऱ्या ऑइलपेंटनं माझं नाव घातलं होतं.
आडनावाला जागा पुरेना,
तर शेवटची दोन अक्षरं कडेवरून खाली वळवली.
ब्रॉडीच्या बॅगेवर एका विमान कंपनीचं नाव.
विमानात तो कधी बसलेला नाही.

मी यादी वाचली, त्यानं सह्या केल्या.
पाहुणे दहापर्यंत. मेणबत्ती नाही. आग लागली तर जिना.
मग दोन किल्ल्या.
एक त्यानं बुटाच्या नाडीत ओवून गळ्यात घातली,
दुसरी तळहातावर धरून म्हणाला,
"ही कुणाकडे ठेवायची?"
हरवली तर असावी म्हणून असते रे.
"ते कळलं. पण कुणाकडे?"

अलार्म चिवचिवला.
नियमाप्रमाणे मला ती घेता येत नाही,
हे मी त्याला नियमाप्रमाणे सांगितलं.
मग कोपऱ्यावरून बॅटरी आणली, खुर्चीवर चढले, बदलली.
त्याचाही एक फॉर्म असतो. भरला नाही.

रात्री भात लावताना आठवून पाहिलं,
आमच्या दाराची दुसरी किल्ली कुठाय?
शेजारच्या ईडिथकडे, साखरेच्या डब्यात,
वर्षानुवर्षं.
कधी दिली, तिनं मागितली की मीच,
काही केल्या आठवेना.

महिन्याभरानं तपासणीला गेले.
तो आता सतरा.
बॅग पलंगाखाली, अजून भरलेलीच.
तिसऱ्या चमच्याच्या दांड्यानं
खिडकीची गंजलेली कडी उचकटत होता.
फॉर्मवर प्रश्न : तरुण रुळला आहे का?
होय, नाही, दोन चौकटी.
किल्लीचं मी विचारलं नाही.

निघताना खालच्या चिप्सच्या दुकानात शिरले.
काउंटरमागे, व्हिनेगरच्या बाटल्यांवर एक खिळा,
खिळ्याला किल्ली,
तिच्या चिकटपट्टीवर निळ्या बॉलपेननं ब्रॉडी,
आणि पट्टी उरली म्हणून की काय,
पुढे बारीक : वरचा, मागचा.

किर्कम कागद गुंडाळता गुंडाळता थांबले.
मीठ?
घाला, म्हटलं. जरा जास्तच घाला.